भाट्याच्या खाडीवर, नदी उलटी वाहताना

मांजरेच्या काठी वाढलेल्या माणसाला पाण्याची एकच दिशा माहीत असते. पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ बालाघाटाच्या डोंगरात ती उगवते, बीड, धाराशिव, लातूर करत कर्नाटकात उतरते आणि तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. सव्वासातशे किलोमीटरांची वाट, आणि सगळी उताराची. श्रावणात ती गढूळ होऊन धावते, चैत्रात डोहाडोहांत तुटते. २०१६ च्या उन्हाळ्यात तर धनेगावच्या धरणात भेगाळलेला गाळ तेवढा उरला होता. पण उलटी फिरलेली मी तिला कधी पाहिली नाही. म्हणून यंदा माघ महिन्यात रत्नागिरीला भाट्याच्या पुलाजवळ उभा राहून काजळी नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहताना पाहिली, तेव्हा दोन मिनिटं मी गळ टाकायचंच विसरलो.

हा अनुभव लिहितोय तो आपल्याकडच्या लोकांसाठी. सुट्टीत लेकराबाळांना घेऊन कोकणात जाणारे आणि डिकीत हौसेनं रॉड टाकून नेणारे आता मराठवाड्यात पुष्कळ झाले आहेत. त्यांतले बहुतेक रिकाम्या हातानं परत येतात. मीही पहिल्या खेपेला तसाच आलो.

माझं लातुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गळ मात्र शिकलो गावाकडं, मामांकडून. सख्खे मामा नव्हेत. नदीकाठचं भोयाचं घर, आईला त्यांनी बहीण मानलेलं, म्हणून आम्हा सगळ्या भावंडांचे ते मामा. ज्वारीच्या धांड्याची साल काढून आतला पांढरा गाभा बोटभर कापायचा, तो दोऱ्याला बांधला की झाला तरंगणारा खुणेचा तुकडा. गळाला कधी गांडूळ, कधी कणकेत मळलेली शेंगदाण्याची पेंड. तो तुकडा पाण्यावर नुसता थरथरला तर चिलापी चोची मारतेय, आडवा सरकत गेला तर रोहू किंवा मृगळ, आणि एका दमात खाली गडप झाला तर मरळ, हे मामा पाठ फिरवून बसलेले असले तरी दोऱ्याच्या आवाजावरून सांगायचे. त्यांची शिकवण एकच होती. जागा धरायची. पाण्यात बुडालेली बाभळ कुठं आहे, काठ कुठं आतून खचलाय, डोह कुठं गळ्याइतका आहे, हे एकदा कळलं की त्या जागेवर रोज जाऊन बसायचं. मासा आज नाही आला तर उद्या येतो, जागा बदलायची नाही.

नदीला ही शिकवण अगदी बरोबर लागू पडते. समुद्रावर ती घेऊन गेलो, तिथं चुकलो.

कुणी विचारेल, गळ टाकायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्याकडं काय धरणं कमी आहेत? येलदरी आहे, माजलगाव आहे, विष्णुपुरी आहे. पण धरणातला मासा मोकळा नसतो. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. त्या संस्था पदरचे पैसे घालून बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडतात, वर्षभर राखतात, आणि त्यावर त्यांची घरं चालतात. तिथं न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या रानातली कणसं मोडण्यासारखं आहे. विचारलं तर बरेच जण काठावर बसू देतात, पण विचारायला हवं. पैठणच्या नाथसागराची तर गोष्टच वेगळी. तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जावं, रॉड घरी ठेवावा.

शिवाय समुद्राची ओढ म्हणाल तर ती रस्त्यानंच लावली. नागपूरहून येणारा महामार्ग लातूर, औसा, तुळजापूर करत सोलापूरला जातो, पुढं सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट आणि शेवटी रत्नागिरी. दुकानाच्या दारातून रोज ‘रत्नागिरी’ लिहिलेल्या गाड्या जाताना दिसायच्या. दाजी एकदा चहा पिता पिता म्हणाले, “हा रस्ता सोडायचा नाही, नीट गेलो की समिंदर.” नाताळच्या सुट्टीत निघालो. मी, दाजी आणि त्यांचा मुलगा. भाचा उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकतो, त्यामुळं माशांची शास्त्रीय नावं त्याला तोंडपाठ. गळ मात्र त्यानं कधी हातात धरला नव्हता.

त्या पहिल्या खेपेबद्दल फार लिहीत नाही. भेटेल त्याला आम्ही एकच विचारायचो, “मासे कुठं लागतात?” आणि लोक मनापासून सांगायचे. मांडवीची जेट्टी, मिऱ्याचा बंधारा, भाट्ये, आरे-वारे, खाली पूर्णगड, वर जयगड. आम्ही सकाळी पोहे-चहा आटपून दहाला निघायचो, तीनपर्यंत बसायचो. पहिल्या दिवशी मांडवी, दुसऱ्या दिवशी भाट्ये, तिसऱ्या दिवशी आरे-वारे. तीन दिवसांत हाताला काय लागलं, तर खडकात अडकून तुटलेली बारा शिसं, म्हणजे गळ तळाला नेणारी वजनं, आणि एक खेकडा. भाट्याला तर आम्ही जिथं गळ टाकला होता तिथलं पाणी तासाभरात निघूनच गेलं, गळ चिखलावर उघडा पडला.

रॉडही नदीचाच होता, सहा फुटी. रीळ मोठ्या शहरातल्या एका दुकानातून घेतलेलं. घेताना स्पष्ट विचारलं होतं, खाऱ्या पाण्याला चालेल का. “बिनधास्त न्या” असं उत्तर मिळालं होतं. घरी येऊन पंधरा दिवसांनी हँडल फिरवलं तर आत वाळू दळल्यासारखा आवाज. उघडून पाहिलं, बेअरिंग गंजून धरलं होतं. दुकानदाराची चूक होतीच, पण अर्धी माझी होती. समुद्रावरून आल्यावर रीळ गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, हे मला कुणीतरी सांगितलंही होतं. मी ओल्या फडक्यानं पुसून ठेवलं. लातूरच्या माणसाचा हात पाणी ओतताना आखडतो, त्याला इलाज नाही. ज्या वर्षी आम्ही पाणी मोजून मापून प्यायलो, ते वर्ष अजून हातात बसलेलं आहे. आता दुकानात एक जुनी बादली राखून ठेवली आहे. अर्ध्या बादलीत रीळ, गळ, दोऱ्याला पीळ पडू न देणारी कडी (स्विव्हल) सगळं धुऊन निघतं. ते पाणी तुळशीला मात्र घालायचं नाही, मीठ असतं त्यात.

त्या खेपेची खरी कमाई म्हणजे निघायच्या दिवशी भाट्याला भेटलेले काका. सत्तरी ओलांडलेले, आयुष्य होडीवर गेलेलं, आता गुडघ्यांमुळं काठावरून गरवतात. तिकडं गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला गरवणं. आम्ही तीन दिवस कुठं कुठं, किती वाजता बसलो ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तिथी काय होती?”

मला तिथी माहीत नव्हती. दाजींना होती, कारण आईचे उपास त्यांच्या लक्षात असतात. म्हणाले, “परवा अष्टमी होती.”

“मग जागा सगळ्या बरोबर होत्या हो तुमच्या,” काका म्हणाले. “वेळ एकही बरोबर नव्हती.”

आणि त्यांनी जे गणित सांगितलं ते मी शिशाच्या पाकिटावर लिहून घेतलं. तिथीची पाऊणपट करायची, भरती पूर्ण होण्याचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाच्या थोडं पुढं भरती, आणि मधे दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. आम्ही बरोबर ओहोटीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, तीन-तीन तास बसत होतो. वर अष्टमी-नवमी म्हणजे भांगाचे दिवस. त्या दिवसांत पाणी चढतंही थोडं आणि उतरतंही थोडं, ओढ अशी नसतेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा खाडीत पाणी जोरानं शिरतं. त्या पाण्याबरोबर कोळंबी, बारीक मासा आत येतो आणि त्याच्या मागं मोठा.

परतीच्या वाटेवर भाच्यानं या गणिताचं कारण उलगडून सांगितलं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, आणि दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं जातात. तिथी एकेक पुढं सरकते तशी भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. शाळेत भरती-ओहोटी मी चार गुणांसाठी पाठ केली होती. तिचा उपयोग पंचेचाळिसाव्या वर्षी कळला. आणि मला आनंद वाटला तो याचा की या गणिताला लागणारी सगळी माहिती आपल्या घरात भिंतीवर टांगलेली असते. आपल्याकडं आषाढी-कार्तिकी, नाथषष्ठी, संकष्टी यांच्या तिथी लहान लेकरालाही ठाऊक असतात. षष्ठी म्हणजे साडेचार. एकादशी म्हणजे सव्वाआठ. पौर्णिमा म्हणजे सव्वाअकरा. फोनवर भरतीच्या वेळा मिळतात, त्या बघाव्यातच, कारण हा ठोकताळा पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास इकडेतिकडे होतो. पण सुट्टी कधी काढायची हे ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आम्हाला पहाट आणि चढतं पाणी एकत्र हवं होतं, कारण काकांच्या सांगण्याप्रमाणं भरतीचे शेवटचे दोन तास सगळ्यांत चांगले. सूर्य उगवताना पाणी चढत असेल आणि आठ-नऊला भरेल अशा तिथी म्हणजे एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. त्यातली एकादशी आईनंच बाद केली. “एकादशीला गळ टाकता का? त्या दिवशी प्रवास करा.” ते मान्य होण्यासारखंच होतं.

तर माघ शुद्ध एकादशीला पहाटे निघालो. माघी वारी. सोलापूर सोडून मंगळवेढ्याकडं लागलो तर पंढरीकडं निघालेल्या दिंड्या, पताका, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. दाजींनी गाडी बाजूला घेतली, उतरून हात जोडले. पुढं मिरज आली. स्टेशनकडं जाणारा फाटा दिसला आणि गाडीत कुणी काही बोललं नाही. एप्रिल २०१६ मध्ये इथूनच पाण्याची पहिली रेल्वे लातूरला निघाली होती, दहा टाक्या, पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणी आम्ही प्यायलो. त्या वर्षी मामांनी जाळं माळ्यावर टाकलं होतं आणि उसाच्या तोडीवर गेले होते. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं, पण नदीत पुन्हा हातभर लांबीचा मासा दिसायला बराच काळ गेला.

संध्याकाळी रत्नागिरी. बाजारात जाऊन ताजी कोळंबी घेतली, मध्यम आकाराची, सालासकट. या वेळी रॉड दहा फुटी होता, दोऱ्याच्या शेवटाला लीडर, म्हणजे जाड दोऱ्याचा तुकडा, बांधलेला, कारण खडकावर घासून दोरा तुटतो. काकांना फोन केला होता. म्हणाले, “सहाला या, चहा इकडंच घेऊ.”

द्वादशी. काळोखातच भाट्याच्या पुलाजवळ खाडीच्या काठावर उतरलो. काकांनी आधी आमची बांधणी पाहिली आणि सगळी सोडवली. आम्ही शिसं आणि गळ एकाच दोऱ्याला पक्के बांधले होते. त्यांनी शिसं सगळ्यांत खाली घेतलं, पण ते कच्च्या शिवणदोऱ्यानं बांधलं. त्याच्या वर दीड फुटावर बाजूला काढलेल्या वीतभर दोऱ्याला गळ. खडकात अडकलं तर शिसं तेवढं तुटेल, गळ आणि मासा वर येईल. पहिल्या खेपेच्या माझ्या बारा शिशांचं उत्तर त्या दोन पैशांच्या दोऱ्यात होतं. मग कोळंबीचं डोकं काढून, शेपटीकडून गळ घालून तो पाठीतून असा फिरवला की कोळंबी सरळ राहिली, वाकडी झाली नाही. “वाकडी कोळंबी पाण्यात भिंगरीसारखी फिरते, मासा बघतो आणि जातो.”

साडेसहाला उजाडायला लागलं. पाण्यावरून एक नारळाचं सोडण चाललं होतं. मी सवयीनं त्याच्याकडं बघत होतो, कारण नदीवर वाहत्या काडीवरून ओढीचा अंदाज घ्यायची मामांनी सवय लावलेली. ते सोडण डोंगराकडं चाललं होतं. पुलाच्या खांबांना पाणी समुद्राच्या बाजूनं धडकत होतं आणि वरच्या अंगाला भोवरे पडत होते. नदीचं तोंड जणू मागं फिरलं होतं. मांजरेचा कुठलाही डोह मी डोळे मिटून सांगू शकतो, पण इथं डोहाचं डोकं कुठलं आणि पाय कुठला हेच उलटलं होतं. मामांनी शिकवलं होतं की मासा प्रवाहाकडं तोंड करून उभा राहतो, म्हणून गळ त्याच्या वरच्या अंगाला टाकायचा. ती शिकवण खोटी ठरली नाही. फक्त वरचं अंग सहा तासांनी बदलत होतं.

इथं तरंगणारा तुकडा नसतो. दोरा ताणून धरायचा आणि तर्जनीवर घ्यायचा. मला ते सोपं गेलं. रिवाइंडिंग करताना तांब्याची तार बोटावरून जाते, तिचा ताण किंचित बदलला तरी कळतो. पाण्याची ओढ बोटाला संथ, एकसारखी लागते. खेकडा कोळंबी कुरतडत असेल तर दोरा खरवडल्यासारखा वाटतो. पहिला मासा लागला तेव्हा बारीक बारीक टकटक झाली आणि वर आला तो केंड. बाहेर काढताच फुगून चेंडू झाला. भाचा मागं सरला, म्हणाला, “हात लावू नका मामा, याच्यात विष असतं, शिजवूनही जात नाही.” काकांनीही तेच सांगितलं. लहान मुलं सोबत असतील तर हे आधी सांगून ठेवावं, कारण तो मासा दिसतो गमतीचा. पक्कडीनं गळ काढून परत सोडला.

दुसरा शिंगाळा. तो बाहेर आल्यावर घुरघुर आवाज करतो, आमच्या मांजरेतला करतो तसाच. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे. मला हात कुठं धरायचा ते माहीत होतं. दाजींना नव्हतं. उजव्या तळव्यात काटा गेला आणि पाच मिनिटांत हात कोपरापर्यंत ठणकायला लागला. काकांनी चहाच्या किटलीतलं पाणी बादलीत ओतून, थंड पाणी घालून, सोसेल इतकं गरम करून हात त्यात बुडवून ठेवायला लावला. या काट्याचं विष उष्णतेनं निकामी होतं, असं भाच्यानं सांगितलं. पाऊण तासानं ठणका उतरला. काट्याचा तुकडा आत राहिला नव्हता, तरी दवाखान्यात दाखवून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. घरून निघताना गरम पाण्याचा थर्मास घ्यायचा, हे तेव्हापासून आमच्याकडं नियमाचं झालं आहे.

साडेआठ वाजले. पाणी जवळजवळ भरलं होतं, ओढ मंदावत होती. मी पुलाच्या दिशेनं, खांबामागं भोवरा पडत होता त्याच्या कडेला टाकलं. दोन मिनिटं काही नाही. मग टकटक नाही, कुरतडणं नाही, एकदम रॉडचं टोक पाण्याकडं वाकलं आणि रीळ ओरडलं. काका म्हणाले, “खांबाकडं जाऊ देऊ नका, जाऊ देऊ नका.” मरळही दम काढते, पण ती गवतात घुसून बसते. हा मासा थांबतच नव्हता. खांबाच्या तळाशी कालवांचे धारदार कवच असतात, तिथं दोरा टेकला की संपलं. मी दोन पावलं मागं, बाजूला चालत गेलो, तसा तो वळला. वर आला तेव्हा उन्हाची पहिली तिरीप पाण्यावर आली होती, आणि तांबडा, तांब्याच्या नव्या तारेसारखा रंग चमकला. तांबोशी. काट्यावर घातली तेव्हा एक किलो दोनशे ग्रॅम. पुढच्या वीस मिनिटांत भाच्याला दोन काळुंदर लागले. एक तळहाताहून लहान होता, तो त्यानं न सांगता सोडला.

मग सव्वानऊला सगळं थांबलं. नारळाचं एक दुसरं सोडण खाडीच्या मध्यावर आलं आणि जागच्या जागी उभं राहिलं. दहा मिनिटं तिथंच. मग हळूहळू समुद्राकडं निघालं. काकांनी दोरा गुंडाळायला घेतला. जागा तीच, खांब तोच, कोळंबी तीच, पण आता इथं बसून उपयोग नव्हता. नाताळात आम्ही याच दगडावर पाच तास बसलो होतो.

त्रयोदशीचा दिवस मात्र वाईट गेला असता. भरती पावणेदहाला होती, ती मांडवीच्या जेट्टीवर चांगली गेली. दुपारी हाव सुटली. चारला ओहोटी, म्हणून तीनला आम्ही आरे-वारेच्या बाजूला खडकांवर उतरलो. काका सोबत नव्हते. पाणी लांब गेलेलं, खडकांच्या मधल्या वाळूवरून चालत पार टोकाला जाऊन बसलो. सव्वासहापर्यंत गळाकडं बघत राहिलो, मागं कुणी वळून पाहिलं नाही. पाणी खडकाच्या पुढून चढतं असं आपल्याला वाटतं. ते मागून येतं. आम्ही ज्या वाळूवरून आलो होतो ती वाट खडकापेक्षा खाली होती, ती आधी भरली. परतायला निघालो तेव्हा मांडीइतकं पाणी, आणि प्रत्येक लाटेला कमरेच्या वर. भाचा शेवाळावरून घसरला, नडगी फाटली, पिशवी गेली. दाजींनी त्याला दंडाला धरून ओढलं. आम्ही काठाला लागलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. आणखी अर्धा तास बसलो असतो तर काय झालं असतं, हा विचार आजही झोपेत येतो.

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते रागावले, घरच्या माणसावर रागावावं तसे. “गरी टाकायच्या आधी परतीची वाट बघायची. वाटेवरचा एक दगड नजरेत धरायचा. त्याला पाणी लागलं की मासा लागलेला असला तरी दोरा कापून निघायचं.” मिऱ्याच्या बंधाऱ्यावरचे सिमेंटचे चौपाय तर पाहुण्यांनी टाळावेतच, असंही ते म्हणाले, त्यांच्या फटीत माणूस घसरला तर काढणं मुश्कील. पावसाळ्यात तर यायचंच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनाही समुद्रात जायला बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला.

तांबोशी आम्ही जिथं उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी केली, ओल्या नारळाचं वाटण आणि आमसुलं घालून. आमच्याकडं काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट लागतं, भाकरी लागते. पण त्या दिवशी भाताबरोबर तिघंही पोटभर जेवलो. दाजी डाव्या हातानं.

परत आल्यावर रविवारी गावी गेलो. मामा नदीवरच होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, नजर कमी झाली आहे, पण धांड्याचा गाभा अजून स्वतः कापतात. त्यांना सगळं सांगितलं. तांबोशीचं त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शिशाच्या कच्च्या दोऱ्याचं दोनदा विचारून घेतलं. पण नदी उलटी वाहते म्हटल्यावर त्यांनी हातातला गळ खाली ठेवला.

“वर? डोंगराकडं?”

“व्हय मामा. सहा तास वर, सहा तास खाली.”

“आन मासा तोंड कुणीकडं करतो?”

“पाणी येतं तिकडं.”

बराच वेळ ते मांजरेकडं बघत बसले. पाणी कमी होतं, पण वाहत होतं, बुडालेल्या बाभळीच्या फांदीवरून बारीक आवाज करत. मग म्हणाले, “मला एकदा दाखव. लई उन्हं व्हायच्या आत.”

मी खिशातून फोन काढून कॅलेंडर उघडलं. नाथषष्ठी फाल्गुन वद्य सहाला. आई पैठणला जाणार, दोन दिवसांत परत येणार. एकादशीला प्रवास करायचा. द्वादशीला नऊची भरती.

“किती वाजता पोचाय पायजे?” मामांनी विचारलं.

“सहाला. अंधारातच.”

“पाचला पोचू,” मामा म्हणाले, आणि बाभळीकडं पुन्हा गळ टाकला.